अडीचचा चहा

नाशिकरोड,
सोमवार, ७ सप्टेंबर १९८१

विमलाबाई,

काल, म्हणजे रविवार दिनांक ६ सप्टेंबर रोजी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, तू विहारात पंचवीस बायकांसमोर तुझ्या सुनेची वही उघडलीस आणि मोठ्यानं वाचलीस. वेळ अंदाजानं लिहिलेली नाही. चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढली, त्यातली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. काही वाईट घडलं की माझी नजर आधी घड्याळावर जाते.

वर जयभीम लिहिलेला नाही. विसरले असं समजू नकोस.

हे पत्र पोस्टानं येईल. मधे चारच घरं आहेत, पण तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही असं मी काल विहाराच्या पायरीवर म्हणाले, आणि मी म्हटलेलं करते.

त्या वह्या काय होत्या ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण काल तू माहीत नसल्यासारखी वागलीस. जूनमध्ये महिला मंडळाच्या बायका माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "मेट्रनबाई, दिवस पुरत नाय." सगळ्यांचं रडगाणं एकच. मी म्हटलं, रडू नका, लिहा. वॉर्डात पेशंटचा ताप तक्त्यावर मांडतात तसा दिवस मांडा. पंधरा दिवस, दर पाव तासाला हातात काय होतं ते. बारा जणींनी मांडलं. भागीबाईला लिहिता येत नाही, तिनं चित्रं काढली: हंडा, तवा, केरसुणी, पुन्हा हंडा. मी एकच शब्द दिला होता, की वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. नवरा नाही, सासू नाही.

लताची वही बघून मी दोन दिवस अस्वस्थ होते. ती मुलगी तुमच्या घरात दिवसाला सात वेळा चहा करत होती. पहाटे सासऱ्याचा, मग नवऱ्याचा, म्हणजे तुझ्या चंदरचा, मग तुझा बिनसाखरेचा, आणि असंच रात्रीपर्यंत, ज्याला जेव्हा लहर येईल तेव्हा. स्टोव्हला पिन मारा, पंप मारा, आधण ठेवा, गाळा, नेऊन द्या, कपबशी विसळा: एका चहाला अकरा मिनिटं. सात चहांची सत्त्याहत्तर. मी सातांचे तीन केले, सगळ्यांना एका वेळी. चव्वेचाळीस मिनिटं वाचली. दुपारी हातपंपावर पाण्याची दुसरी खेप होती. माझा जुना पिंप दिला, तो पहाटेच्या नळालाच भरून ठेवायचा. आणखी सव्वीस. दोन्ही मिळून एक तास दहा मिनिटं, दुपारी दोन ते तीन दहा. तुम्हा कोणाचं एक भाकरीचं पीठही कमी झालं नाही. महिनाभर तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, हाच माझ्या पद्धतीचा पुरावा.

त्या तासात लता दहावीची पुस्तकं वाचत होती. कळवणच्या शाळेतून नववी पास झाली आणि तुमच्या घरी आली, सात वर्षं झाली. आता तिला बाहेरून परीक्षेला बसायचं आहे. तुला फॉर्मच्या वेळी सांगायचं ठरलं होतं. वहीत त्या तासापुढे काय लिहायचं, मी सुचवलं नव्हतं. तिनं तिच्या मनानं एकच शब्द लिहिला: माझं.

आणि तू चष्मा लावून वाचलंस, "दोन ते तीन दहा, माझं! ऐकलं का गं बायांनो? आमच्या घरातला तासभर हिचा हाय म्हणे. बाकीचा कोणाचा गं, लता?"

फुलाबाई आधी हसली, मग सगळ्या. लता पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला. पदर डोळ्याला लावला नाही, बाहेरही गेली नाही. तिथेच उभी राहिली. आणि हे सगळं बाबासाहेबांच्या फोटोखाली.

मी बोलले तेव्हा तू म्हणालीस, "एवढं काय झालं? लव्हलेटर होतं का ते?" लव्हलेटर असतं तर मी सोडून दिलं असतं, विमल. लव्हलेटर कोणीही लिहितं.

वही तुझ्या हातात कशी आली, हा विषय मी आत्ता काढत नाही.

फॉर्मची शेवटची तारीख ३० सप्टेंबर आहे. सोबत शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि तो लग्नापासून तुझ्या ट्रंकेत आहे, किल्ली तुझ्या कमरेला. तो काढून लताला दे.

यशोदा


सोमवार, १४ सप्टेंबर १९८१

विमलाबाई,

शनिवारी उत्तर मिळालं. पाकीट देताना पोस्टमन मोतीराम म्हणाला, "बाई, तुम्ही दोघी एकमेकींना हाक मारलीत तरी ऐकू जाईल." मी त्याला म्हटलं, तुला पगार कशाचा मिळतो?

उत्तर चंदरच्या अक्षरात आहे आणि त्याच्या ऑफिसच्या भाषेत. "आपले दिनांक ७ चे पत्र पोचले. आईचे म्हणणे असे की दाखला ट्रंकेत सापडत नाही. तसेच, एकट्या बाईला घड्याळ कळते, घर कळत नाही."

पहिली दोन वाक्यं त्याची, तिसरं तुझं. बरोबर जागी लागलं. आईबापांना शेवटपर्यंत मीच सांभाळलं, भावाची दोन मुलं शिकवली, पण ते घर नव्हे, हे मान्य. तुझ्यासारखं घर असतं तर मलाही सात चहा गोड लागले असते.

पण उत्तर दुसऱ्याकडून लिहवून घेतलंस, हे मला त्या वाक्यापेक्षा जास्त झोंबलं. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये आपण दोघी एका बाकावर होतो. माझे वडील मिलिटरी हॉस्पिटलात वॉर्डबॉय, तुझे साहेबाच्या बंगल्यावर माळी. आपल्या लोकांतल्या दोनच मुली, दोघी फीमाफीवर. सिस्टर ॲग्नेस तुझी वही वर्गात फिरवायच्या. म्हणायच्या, अक्षर बघा, माळ्याच्या मुलीनं वाफे आखावेत तशा ओळी. आणि आता तुझ्या वतीनं चंदर लिहितो.

भागीबाईनं मला आणखी एक बातमी दिली. गेल्या सोमवारपासून तुला दुपारी अडीचला चहा लागतो.

साठ वर्षांत नाही लागला. दोनला नाही, तीनला नाही, अडीचला. कोणाच्या तासात खुंटी ठोकायची तर नेमकी मधोमध, हे तुला कोणी शिकवलं? वीस मिनिटांचं काम सांगितलं असतंस तर पन्नास उरली असती. या एका कपानं सगळा तास गेला. पहिला अर्धा तास तिचे कान तुझ्या हाकेकडे, नंतरचा भांड्यात आणि मुलं शाळेतून यायच्या धास्तीत. गणिताचं पुस्तक उघडायला एक मिनिट लागतं, डोकं त्यात उतरायला वीस. हे मला पद्धत शोधताना कळलं नव्हतं. तुला न शिकता कळलं. हुशार तू होतीसच.

माझा वर्ग मोडला, हेही कळवते. बारापैकी दहा जणी वह्या मागून घेऊन गेल्या. फुलाबाई म्हणाली, "द्या मेट्रनबाई माझी वही, बंब पेटवायला होईल." तिची रोजची पन्नास मिनिटं वाचणार होती, गुडघे दुखायचे थांबले असते. तिनं माझ्यासमोर पानं फाडली. भागीबाईची तेवढी राहिली आहे. ती म्हणाली, "माझी चित्रं कोणाला कळत्यात?"

चंदरनं शेवटी विचारलं आहे, "वही आईस कोठून मिळाली, ते आपणच लिहावे." त्याविषयी मी सवडीनं लिहीन.

सोळा दिवस उरले. ट्रंक पुन्हा बघ. दाखला नऊवारीच्या घडीत असेल, तुझ्या सगळ्या वस्तू तिथेच असतात.

यशोदा


रविवार, २० सप्टेंबर १९८१

विमल,

काल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लता माझ्याकडे आली. पिंप परत करायला. तो एवढा मोठा पिंप तिनं एकटीनं गडगडत आणला होता.

"ठेवा मावशी तुमचा तुम्हाला. दुपारची खेप करीत जाईन आता. एवीतेवी उठायचंच असतं."

मी म्हटलं, "पिंप राहू दे. सोमवारी पहिल्या एस.टी.नं कळवणला जाते मी. शाळेतून दुय्यम दाखला काढते. कोणाची ट्रंक उघडायला नको."

"नको."

"सासूला घाबरतेस?"

"घाबरत नाय. पण चोरून फॉर्म भरला की चोरून पेपर द्यायचा, चोरून पास व्हायचं. मग ते माझं कसलं? आत्याबाईंनी त्यांच्या हातानं काढून दिला तर बसंन. नाय तर नाय."

मी चौतीस वर्षांत अनेक पोरींना नर्सिंग शिकवलं. असं सरळ बोलणारी दुसरी आठवत नाही. मग तिनं पदराला हात पुसले, पायरी उतरली आणि पाठमोरीच म्हणाली, "वही तर तुमच्या कपाटात होती ना, मावशी?"

मी म्हटलं, "होती." एवढंच. तिनं पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तर आता लिहिते. तुला माहीत आहे, चंदरलाही आता माहीत असेल, फक्त माझ्या अक्षरात कुठे नव्हतं.

गुरुवारी ३ तारखेला संध्याकाळी पाचला तू माझं सूप परत करायला आलीस. मी तुला ओट्यावर बसवलं आणि आपण होऊन कपाट उघडलं. तू मागितली नव्हतीस. मी म्हणाले, "बारा वह्यांत ही पहिली. बघ तुझ्या सुनेनं काय करून दाखवलंय." मला माझा तक्ता दाखवायचा होता. सातांचे तीन दाखवायचे होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, शाबास म्हणणारं कोणी उरलेलं नाही, आणि तू आलीस. त्या पाच मिनिटांत मला लता दिसतच नव्हती. तू म्हणालीस, चष्मा आणला नाही, घरी नेऊन निवांत बघते. मी दिली. वर म्हणाले, शेवटचं पान नीट बघ.

म्हणजे तू लताचा विश्वास मोडला नाहीस. तिनं तो तुझ्यावर ठेवलाच नव्हता. माझ्यावर ठेवला होता.

माझा मोडलास, ते मात्र तुझं. पन्नास वर्षांची ओळख आहे म्हणून मी तुझ्या हातात ती वही दिली. दुसऱ्या कोणाच्या दिली नसती. तू ती घरी वाचून लताला शिव्या दिल्या असत्यास तरी मी समजू शकले असते. तू तीन दिवस थांबलीस, रविवार गाठलास, विहार भरू दिलास. तीन दिवस! हे रागाच्या भरात झालेलं नाही, विमल. हे वेळापत्रक लावून झालेलं आहे. माझ्याहून चांगलं.

का, एवढं मला कळत नाही. बाकी सगळं कळतं.

यशोदा


शुक्रवार, २५ सप्टेंबर १९८१

प्रिय विमल,
सप्रेम जयभीम.

काल दोन वाजून वीस मिनिटांनी मी तुझा उंबरा ओलांडला. म्हटलेलं मोडलं. हे काही पहिल्यांदा नव्हतं, ते तू मला काल सांगितलंस.

मी लताची माफी मागायला आले होते, आणि ती तुझ्यासमोर मागायची होती. तू खाटेवर बसली होतीस. आत स्टोव्हचा आवाज. ठीक अडीचला तिनं तुझ्यापुढे कपबशी ठेवली. तू बघितलंही नाहीस. मी माझं बोलून घेतलं, लतानं ऐकून घेतलं आणि ती आत गेली. आणि मग माझं लक्ष गेलं. कपावर साय धरली होती. शेजारी फळीवर आदल्या दिवशीचा कप, तोही भरलेला, वर चिलटं.

मी म्हणाले, "पीत नाहीस, मग करायला का लावतेस तिला?"

तू म्हणालीस, "तू तरी कुठं पीत होतीस, यशे?"

मला खरंच कळलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण कळलं नाही. तू सांगितलंस तेव्हा कळलं, आणि तू ते भांडल्यासारखं सांगितलं नाहीस, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलंस. "पस्तीस साल. आई अंथरुणाला खिळली, मला सहावीतून काढलं. तू म्हणालीस, रडू नको, मी रोज दोनला येईन, तीनपर्यंत शाळेतलं शिकवीन. साहेबाच्या घरची उकळून टाकलेली पत्ती मी फडक्यावर वाळवून ठेवायची. अडीचला तुला चहा. आठ दिवस आलीस. नवव्या दिवशी चहा केला. दहाव्या दिवशी केला. महिनाभर केला मी. बाप म्हणायचा, कोणासाठी गं उकळतेस? तुझ्या त्या वहीत वाचलं, दोन ते तीन, माझं. म्हटलं, वा! माझ्या सुनेचा तास राखायला बाई आली. माझा कोणी राखला होता?"

मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की सिस्टरनी मला दुपारी शिवणाला बसवलं म्हणून तुझ्याकडे येणं थांबलं. तुलाही तेच सांगितलं होतं. ते खोटं आहे. नवव्या दिवशी मी बंगल्याच्या मागे, तुमच्या खोलीकडे वळताना आपल्या वर्गातल्या मेजरच्या मुलीनं मला बघितलं. तिनं विचारलं, तुमचे लोक तिथे राहतात का? मी नाही म्हणाले. म्हणाले, मी लिंबं मागायला आले होते. लिंबं घेतली आणि परत गेले. नंतर मला तिच्या बाकावर बसायला मिळालं. पुढच्या वर्षी अक्षराचं बक्षीसही मिळालं. ते तुझं होतं. वर्गात तू असतीस तर माझा दुसरा नंबर.

मोडलेल्या शब्दावर चार पत्रं लिहिली मी तुला, तारीख वार टाकून. नवव्या दिवसाची तारीख मला आठवत नाही.

आता माझं ऐक, आणि मी नरम आले आहे असं समजू नकोस. तुझा राग खरा आहे. पत्ता चुकला आहे. तुझा तास मी घेतला. लतानं नाही. तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तू तिला विहारात उभं केलंस, तिच्या स्टोव्हवर अठरा दिवस न पिण्याचे चहा उकळवलेस, आणि ट्रंकेची किल्ली कमरेला लावून सांगितलंस, दाखला सापडत नाही. मी आले नाही म्हणून तू शिकली नाहीस. तू देत नाहीस म्हणून ती शिकणार नाही. आपल्या दोघींत मग फरक काय राहिला? मी निदान लिंबं घेऊन गेले.

अडीचचा चहा तुला हवा असेल तर जरूर घे. पण तो लता करणार नाही. तो मी करीन, माझ्या ओट्यावर. मला चहा चांगला येत नाही; हॉस्पिटलात आयता मिळायचा, आणि अकरा मिनिटांत तर माझ्यानं होतच नाही. आज पहिल्यांदा केला. कप भरून ठेवला होता, तू आली नाहीस. उद्या पुन्हा ठेवीन. महिनाभर ठेवीन. भागीबाई विचारते, कोणासाठी? तिला म्हटलं, तुझ्या वहीत एक कप काढून ठेव.

दोनला आलीस तर तीनपर्यंत बस. शिकवणार वगैरे नाही तुला, आता मला कोणी शिकवावं अशी वेळ आहे. पण बस.

दाखला तुझ्या हातानं काढ आणि लताच्या हातात दे. ती दुसऱ्या कोणाकडून घेणार नाही, हे तिनं मला तोंडावर सांगितलं आहे. बुधवारी ३० तारखेला फॉर्मची मुदत संपते, आणि भरायला, पोचवायला एक दिवस लागतो. पोस्टाला आता सवड नाही, हे पत्र भागीबाईच्या हाती देते.

म्हणून सोमवार दिनांक २८ सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत मला तुझं लेखी उत्तर हवं आहे: दाखला दिला की नाही दिला. निरोप चालणार नाही. चंदरच्या अक्षरात आलं तर मी ते न वाचता आल्या हाती परत देईन. दोन ओळी पुरेत, एक ओळही पुरेल. पण ती तू लिही, विमल. सहावीनंतर तू लिहिलेलं मी काहीच वाचलेलं नाही.

तुझी,
यशोदा